क्रूझवर काय काय फुकट असतं आणि काय गुपचूप कार्डावर चढतं

आमच्या ओळखीत कोणी क्रूझला निघालं की हमखास मला फोन येतो, कारण मुंबई-गोवा दोनदा आणि सिंगापूरहून एकदा असं करून झालंय आणि पहिल्या खेपेला माणसाला ज्या ज्या चुका करता येतात त्या सगळ्या मी केल्यात. दर वेळी तेच तेच फोनवर सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून टाकतोय. जहाजावर विचारलं की मिळतं आणि नाही विचारलं की कोणी आपणहून येऊन सांगत नाही, बाकी सगळं या एका वाक्याच्या आसपासचंच आहे.

सुरुवात केबिनपासून करू कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. लोक बाल्कनी बाल्कनी करतात पण मुंबईहून जाणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजावर बाल्कनीवाल्या केबिन मुळात थोड्याच, जहाज १९९० चं आहे आणि तेव्हा एवढ्या बाल्कन्या काढायची पद्धत नव्हती, त्यामुळे त्या महाग पडतात. दोन रात्रींच्या ट्रिपला तुम्ही केबिनमध्ये झोपायला आणि आंघोळीलाच येणार, तेव्हा आतली बिनखिडकीची केबिन घेतली तरी काही बिघडत नाही. फक्त डेकचा, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा, नकाशा उघडून बघा. आपल्या डोक्यावर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, पायाखाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री दोनपर्यंत धडधड. वर खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी जागा बघायची. आणि बाजूच्या खोलीत उघडणारं दार असलेली केबिन, दोन कुटुंबं एकत्र असाल तर उत्तम, नाहीतर शेजारच्यांचं भांडण फुकट ऐकायला मिळतं.

ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागते हे गृहीत धरा. खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मधोमध सगळ्यात कमी हलतं, नाकाकडे आणि वरच्या मजल्यावर सगळ्यात जास्त, आणि गंमत म्हणजे कमी हलणाऱ्या केबिनच बऱ्याचदा स्वस्त असतात. अव्होमिनसारखी गोळी उलटी व्हायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, ती आधी घ्यायची असते, आणि बीपी-शुगरवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच. माझी आई मात्र फक्त आलेपाकाच्या वड्यांवर गोव्याला जाऊन आली. जहाजाच्या दवाखान्यात गोळ्या मिळतात पण तिथल्या डॉक्टरची फी बघून बोट नक्की लागेल, त्यामुळे रोजची औषधं दोन दिवस जास्तीची आणि हातातल्या बॅगेत.

आता मुंबईतून चढण्याबद्दल. टॅक्सीवाल्याला नुसतं बोट किंवा क्रूझ म्हणू नका. आम्हाला एकाने थेट भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडलं होतं, चार बॅगा, सासूबाई आणि समोर रेवसची लाँच. त्याची तरी काय चूक, पिढ्यानपिढ्या मुंबईत बोट म्हणजे भाऊचा धक्काच. बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट, क्रूझ टर्मिनल असं स्पष्ट सांगायचं, सीएसएमटीहून टॅक्सीने अगदी जवळ आहे. वेब चेक-इन सुरू झालं की सगळ्यात लवकरची वेळ पकडा. लोकांना वाटतं जहाज संध्याकाळी सुटतं तर दुपारी चारला जाऊ, पण भाडं तुम्ही तेवढंच भरलंय आणि दुपारचं जेवण त्यातच आहे, शिवाय पूल तेव्हा रिकामा असतो. फक्त तुमच्या मोठ्या बॅगा केबिनवर पोचायला संध्याकाळ होते, म्हणून पोहायचे कपडे, चार्जर, औषधं, मुलांचा एक जोड आणि ओळखपत्र हे खांद्यावरच्या बॅगेत ठेवा. देशातल्या देशात जाणार असाल तर पासपोर्ट लागत नाही, पण सरकारी ओळखपत्र मूळ लागतं, मोबाईलमधला फोटो दाखवून वाद घालणारे काका दर वेळी रांगेत असतातच. घरात कोणी गरोदर असेल किंवा तान्हं बाळ असेल तर बुकिंगच्या आधी नियम वाचा, बऱ्याच कंपन्या २४ आठवडे झालेल्या बाईला आणि ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला घेत नाहीत.

बॅगेत इस्त्री, किटली, सुरी असलं काही नको, जप्त होतं आणि उतरताना परत मिळतं. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्डही चालत नाही, आगीच्या भीतीने, आणि जुन्या जहाजांवर प्लगच्या जागा कमी असतात म्हणून तीन-चार यूएसबी असलेला साधा चार्जर न्या. खाण्याचं सीलबंद पाकीट बहुतेक ठिकाणी सोडतात, डब्यातल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी अडवतात. एक वस्तू मात्र आवर्जून न्या, लोहचुंबकाचे हुक. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर पत्र्याच्या असतात, चार हुक लावले की ओले कपडे, टोप्या, पर्स सगळं भिंतीवर आणि त्या एवढ्याशा खोलीत पाय ठेवायला जागा होते. रिकाम्या सुटकेस पलंगाखाली सरकवा. बिनखिडकीच्या केबिनमध्ये रात्री काळोख म्हणजे खरंच काळोख असतो, टीव्हीवर बऱ्याच जहाजांत समोरच्या कॅमेऱ्याचं चॅनल असतं, ते आवाज बंद करून लावून ठेवलं की सकाळ झाली ते कळतं.

चढल्या चढल्या आधी सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याचा सराव, उरकून घ्या. कंटाळा करू नका, २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या बऱ्याच लोकांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, ३२ माणसं गेली, आणि त्यानंतर २०१५ पासून नियमच झाला की जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी ड्रिल व्हायलाच पाहिजे. आता बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ बघून आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावली की झालं, लवकर गेलात तर पाच मिनिटांचं काम, नाहीतर शेवटी सगळे एकदम येतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की आपल्या जागी जायचं, एवढं घरातल्या मुलांनाही पाठ असू दे. घोषणेत अल्फा ऐकू आलं तर बऱ्याच जहाजांवर त्याचा अर्थ कोणाची तरी तब्येत बिघडलीय, ब्राव्हो म्हणजे आग, ऑस्कर म्हणजे माणूस पाण्यात पडलाय.

मग सरळ वर डेकवर, आणि कुठल्या बाजूला उभं राहायचं ते आधी ठरवून. मुंबईहून दक्षिणेला निघताना शहर उजवीकडे राहतं, गेटवे, ताज, कुलाबा आणि टोकाला प्राँग्जचा दीपस्तंभ सगळं उजव्या कठड्यावरून, सूर्यास्तही तिकडेच. घारापुरी आणि उरण डावीकडे. सगळे उजवीकडे गर्दी करतात ते ठीक आहे, पण कुलाबा मागे पडलं की तुम्ही डावीकडे या, थळच्या समोर खांदेरी आणि उंदेरी ही बेटं दिसतात, काळोख पडला असेल तर निदान खांदेरीच्या दिव्याची उघडझाप. खांदेरी म्हणजे महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेला किल्ला, आणि मुंबई बंदरातून बाहेर पडणारं जहाज त्याच्या समोरून जातं म्हटल्यावर तो तिथेच का बांधला ते पुस्तकापेक्षा डेकवर जास्त कळतं. आत डीजेचा धुमाकूळ चालू असतो आणि बाहेर हे बघायला चार माणसं नसतात. बाल्कनी किंवा खिडकी घेणारच असाल तर हेच गणित लावा, गोव्याला जाताना किनारा डावीकडे, येताना उजवीकडे.

फोन मात्र बंदर सोडलं की लगेच एअरप्लेन मोडवर. किनारा लांब गेला की आपलं नेटवर्क जातं आणि मग फोन जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइटवालं नेटवर्क पकडतो, त्याचे दर साध्या रोमिंगच्या पॅकमध्ये धरलेले नसतात. वायफाय घ्यायचंच असेल तर एका डिव्हाइसचं घ्या, बहुतेक ठिकाणी एकाने लॉगआउट केलं की दुसरा वापरू शकतो, नवराबायकोत भांडण होईल तेवढंच.

खाण्याबद्दल लोकांना निम्मं माहीतच नसतं. पहिल्या दिवशी दुपारी सगळी जनता बुफेवर तुटून पडते, त्याच वेळी बऱ्याच जहाजांवर मुख्य डायनिंग रूमही उघडी असते, टेबलावर वाढतात आणि पैसे तेवढेच म्हणजे शून्य. तिथे एक सूप, एक मेन, एक गोड असा नियम नाही, दोन स्टार्टर मागवा, अर्धी प्लेट मागा, एक पदार्थ आवडला नाही तर दुसरा मागा, कोणी तोंड वाकडं करत नाही, आपल्यालाच उगाच संकोच वाटतो. जैन, बिनकांदा-लसूण, मुलासाठी साधा वरणभात, हे बुकिंग करताना लिहाच पण पहिल्या रात्री हेड वेटरला तोंडाने सांगा, दुसऱ्या दिवसापासून खरा फरक पडतो. उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीची आशा ठेवू नका, उकडलेले बटाटे, दही आणि फळं सहज देतात. पैसे द्यावे लागणारी स्पेशल रेस्टॉरंट असतात त्यांना पहिल्या रात्री गिऱ्हाईक नसतं, तेव्हाच सवलत विचारायची. स्पाचंही तसंच, जहाज बंदरात लागलेलं असतं त्या दिवशी तो ओस असतो आणि दर उतरतात. वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असेल तर बुकिंगमध्ये लिहा, छोटा केक बहुतेक ठिकाणी असाच येतो.

आणि स्टाफशी बोला हो. जगभरच्या जहाजांवर गोवेकर, मुंबईकर भरपूर, छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि देश लिहिलेला असतो. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात, धोबी तलावला त्यांच्या गावागावांचे कूड अजून आहेत, जहाज मिळेपर्यंत तिथे राहायचं. सिंगापूरच्या ट्रिपला आमचा वेटर मडगावचा निघाला, त्याला कोकणीत नुसतं कसो आसा म्हटलं तर दुसऱ्या दिवशी मेनूत नसलेली फिश करी समोर आली. कुठला शो बघण्यासारखा, पूल किती वाजता रिकामा, किचन बघायला मिळतं का, हे त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं रिसेप्शनवाल्यांनाही नसतं.

आता कार्ड. चढताना तुम्हाला एक कार्ड देतात, तीच किल्ली आणि तेच पाकीट, आणि पैसे जातायत असं वाटतच नाही हीच त्यातली मेख. मुलांच्या कार्डावर खर्च बंद करून घ्या, रिसेप्शनवर सांगितलं की करतात. आम्ही नव्हतं केलं, भाच्याने व्हिडिओ गेममध्ये एका संध्याकाळी एवढे उडवले की त्यात घरच्या सगळ्यांचा मिसळीचा बेत झाला असता. फ्रीजमधलं काही हवं नसेल तर केबिनवाल्याला सगळं काढून न्यायला सांगा, मग तुमचं पाणी-दूध ठेवायला जागाही होते. फोटोग्राफर दर वळणावर फोटो काढतात, काढू द्या, विकत घ्यायची सक्ती नाही. परदेशी जहाजांवर टिप रोज माणशी आपोआप चढते, ती भाड्याचा हिशेब करतानाच धरा. बिल टीव्हीवर किंवा ॲपवर रोज रात्री बघा, कारण शेवटच्या सकाळी चूक सापडली तर अख्खं जहाज त्याच रांगेत उभं असतं. एकदा माझ्या नावावर तीन कॉकटेल निघाली होती आणि मी तर सोलकढीवाला माणूस.

एक गंमत म्हणून सांगतो, रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचे १०० शेअर तुमच्या नावावर असतील तर अर्ज केल्यावर पाच किंवा कमी रात्रींच्या ट्रिपला ५० डॉलर जहाजावर खर्चायला मिळतात. आता १०० शेअरना वीस लाखांच्या वर मोजून चार हजार वाचवायचे की नाही ते तुमचं तुम्ही बघा. त्यापेक्षा पहिल्या ट्रिपनंतर लॉयल्टीचं सभासदत्व घ्या, ते फुकट असतं.

गोव्यात जहाज पणजीला लागत नाही, मुरगाव बंदरात म्हणजे वास्कोला लागतं. पणजी साधारण ३० किलोमीटर, कळंगुट-बागा त्याच्याही पुढे, म्हणजे अर्धा दिवस टॅक्सीत आणि परतताना पोटात गोळा. जहाज फक्त त्यांच्या स्वतःच्या टूरवाल्यांसाठी थांबतं, तुम्ही आपले आपण गेलात तर नाही. माझं मत विचाराल तर बोगमाळोचा किनारा, वाटेतलं नौदलाचं विमान म्युझियम, ते सोमवारी बंद असतं, आणि वास्कोत माशाची थाळी, एवढं करून वेळेच्या तासभर आधी परत. लक्षद्वीपला जहाज धक्क्याला लागतच नाही, समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटींनी नेतात, समुद्र खवळला तर थांबा रद्दही होतो आणि तसा हक्क त्यांनी करारात लिहून घेतलेला असतो. पावसाळ्यात मुंबईहून जाऊच नका, जहाजही जात नाही.

सिंगापूरहून जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना बघा, कारण जहाजाने बाहेर गेलात की परत येताना ती दुसरी एंट्री, आणि अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरताना भरायचा फॉर्म, तोही परतताना पुन्हा भरायचा असतो. आणि विमानाने त्याच दिवशी पोचून जहाज पकडायचा शहाणपणा करू नका, एक दिवस आधी जा.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. आमच्यातल्या एका काकांनी शिस्तीत सगळं, म्हणजे अगदी सगळं भरून बाहेर ठेवलं आणि सकाळी पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात इमिग्रेशनसारख्या दिसणाऱ्या हॉलमधून बाहेर पडले. बॅगा स्वतः ओढायची तयारी असेल तर बाहेर ठेवूच नका, तसं आधी सांगितलं की पहिल्या गटात उतरवतात. आणि त्या सकाळी बुफेच्या रांगेत न शिरता कप घेऊन वर जा, बंदरात शिरताना उजेड फुटत असतो, फक्त या वेळी शहर डावीकडे असतं.