शिमग्याला गावी जाताय? पालखी दारात यायच्या आधी काय काय करून ठेवायचं

फाल्गुन जवळ आला की मुंबई-पुण्यातल्या सगळ्या गाववाल्यांच्या ग्रुपवर "यंदा होळी कधी?" सुरू होतं आणि लोक कॅलेंडर बघून शनिवार-रविवारला जोडून दोन दिवस रजा टाकून मोकळे होतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात असं केलं तर होळी मिळेल पण पालखी चुकेल, आणि शिमगा म्हणजे मुळात पालखी. वर्षभर देवळात बसलेली ग्रामदेवता या दिवसांत स्वतः उठून तुमच्या घरी येते, कुलूप लावलेल्या घराच्या दारातही येते, त्यामुळे विचारायचं असेल तर "आपल्या वाडीत पालखी कधी येणार" हे विचारा आणि रजा त्या दिवसाला धरून टाका. ज्यांचं घर वर्षभर बंद असतं, आईवडील आता थकलेत किंवा राहिले नाहीत, आणि पहिल्यांदाच सगळं आपल्यावर आलंय अशा पोरापोरींसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितोय.

आधी तारखांचं बघू. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाक पंचमीला, बऱ्याच गावांत शिमगा सुरू होतो, रोज रात्री छोटी होळी लागते. पण मोठी होळी सगळीकडे एका दिवशी नसते. काही गावांचे तेरसे शिमगे, म्हणजे त्रयोदशीला होळी, आणि काहींचे भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेला. शेजारशेजारच्या गावांत हा फरक असतो त्यामुळे मामाच्या गावावरून आपल्या गावाचा अंदाज बांधू नका. देवाला रूपं, म्हणजे देवाचे मुखवटे, लावली, पालखी सजली की ती सहाणेवर, म्हणजे गावातल्या पालखी बसायच्या ठरलेल्या जागी, येते, आधी मानकऱ्यांची घरं होतात आणि मग वाडीवाडीतून घरोघरी फिरते, कुठे पाचसहा दिवसांत उरकतं तर कुठे गुढीपाडव्यापर्यंत किंवा त्याच्याही पुढे चालतं. कोणत्या दिवशी कोणती वाडी हे गावबैठकीत ठरतं. तो कागद हल्ली व्हॉट्सॲपवर येतोच पण तरी गुरवाला किंवा आपल्या वाडीच्या गावकराला, म्हणजे वाडीच्या प्रमुखाला, एकदा फोन करा, कारण मधे कुणाकडे सुतक आलं किंवा काही अडलं तर क्रम बदलतो आणि तो बदल ग्रुपवर येईपर्यंत उशीर झालेला असतो. आणि वेळ संध्याकाळी ६ लिहिली असेल तर रात्री ११ सुद्धा होऊ शकतात, प्रत्येक घरी पालखी बसते, ओटी होते, गाऱ्हाणं (घरचं म्हणणं देवापुढे मांडणं) होतं, कुणी नाचवायचा आग्रह करतं, तर त्याच रात्रीची परतीची गाडी अजिबात ठेवू नका.

तिकिटांचं एवढंच की रेल्वेचं आगाऊ बुकिंग १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे कोकणकन्या, मांडवी, तुतारी, जे काय सोयीचं असेल त्याचा ६० वा दिवस मोजून ठेवा आणि सकाळी ८ ला बसा. नाही मिळालं तर होळी स्पेशल गाड्या सुटतात त्यांच्यावर लक्ष ठेवा, तत्काळ आदल्या दिवशी एसीचं १० ला आणि स्लीपरचं ११ ला उघडतं. एसटी जादा गाड्या सोडते, महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना मोफत आहे, आजीआजोबांचं आधार कार्ड बरोबर घ्या. वाडीतली गाडीभर माणसं असतील तर सरळ ग्रुप बुकिंग करा, एसटी थेट गावात उतरवते आणि म्हाताऱ्या माणसांना रात्री स्टेशनवर रिक्षा शोधत बसावं लागत नाही.

आता घर. पालखीच्या निदान दोन दिवस आधी पोचा कारण बंद घर एका दिवसात माणसात येत नाही. पडवीत लाकडाचा ढीग, जुनी कौलं, नारळाच्या सोडणांची रास असेल तर तिथे हात घालायच्या आधी काठीने ढवळा, मार्चच्या उकाड्यात जनावर, म्हणजे साप, गारव्याला तिथेच येऊन बसतं, विंचू तर हमखास. मीटर आणि पंप आल्या आल्या तपासा. पाण्याचं आधीच विचारून ठेवा, बऱ्याच वाड्यांत मार्चला नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि विहीर खाली गेलेली असते, आणि पालखीबरोबर पन्नास-शंभर माणसं तहानलेली येणार असतात. अंगण झाडून शेणाने सारवून घ्या, शेण आणि सारवणारं माणूस दोन्ही आता सहज मिळत नाही, शेजारच्या काकींना चार दिवस आधी फोन केलात तर त्या करून ठेवतील पण त्यांच्या हातावर रीतसर पैसे ठेवा, "आपल्याच आहेत" म्हणून गृहीत धरू नका. तुळशीपुढे रांगोळी, दाराला आंब्याचे टाळ (पाल्याच्या डहाळ्या), आणि पालखी टेकायच्या जागी पाट किंवा चौरंग आणि त्यावर धुतलेलं कापड. कुठल्या गावात पालखी अंगणात बसते, कुठे ओटीवर घेतात, हे आपल्या घरचं काय आहे ते मोठ्यांना विचारून तसंच करा. वाटेवर आडव्या आलेल्या फांद्या आणि खाली लोंबणाऱ्या वायरी मात्र दिवसाउजेडी बघून ठेवा, पालखी रात्री खांद्यावरून येते आणि भोयांचं, म्हणजे पालखी वाहणाऱ्यांचं, लक्ष वर नसतं.

ओटीचं सामान तालुक्याच्या बाजारातून आदल्या दिवशीच आणा, शिमग्याच्या दिवशी नारळ आणि फुलं दोन्ही महाग होतात. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या, हळदकुंकू, अगरबत्ती, कापूर. अबोलीचा वळेसर (गजरा) मिळाला तर घ्याच आणि सुरंगी याच दिवसांत फुलते, परड्यात झाड असेल तर सकाळी लवकर उठून वेचा, उन्हं चढली की वास उतरतो. नारळ दोनचार जास्त आणा, एक ओटीचा, एक नवसाचा असला तर तो, आणि ऐन वेळी माहेरवाशीण आली तर तिच्या हातातही एक द्यायला हवा.

गाऱ्हाण्याबद्दल नव्या लोकांना सगळ्यात जास्त धास्ती असते म्हणून नीट सांगतो. पालखी टेकली की घरची बाई पुढे होऊन ओटी भरते, मग गुरव किंवा मानकरी नारळ हातात घेऊन तुम्हाला विचारतात, काय म्हणणं आहे. तिथे लाजायचं नाही. पोराची दहावी, भावाचं लग्न जमत नाही, आईचा गुडघा, नोकरीवर टांगती तलवार, जे असेल ते साध्या शब्दांत सांगा. मग ते तुमच्या घराण्याचं नाव घेऊन देवीपुढे मांडतात, परगावी पोटापाण्यासाठी गेलेल्या लेकरांची राखण कर, आलेल्या संकटाला बाजूला कर असं एकेक वाक्य म्हणत जातात आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे मिळून "होय महाराजा" म्हणतात. ज्या शेजाऱ्याशी बांधावरून वर्षभर बोलणं नाही तोसुद्धा तुमच्या पोराच्या परीक्षेसाठी मोठ्याने "होय महाराजा" म्हणतो, हे मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी भरून येतं. त्या वेळी मोबाईल खाली ठेवा. व्हिडिओ पालखी येताना काढा, नाचताना काढा, गाऱ्हाणं चालू असताना नको, आणि ड्रोन उडवायचा विचार असेल तर मानकऱ्यांना विचारल्याशिवाय बॅगेतून बाहेरच काढू नका.

पालखी नाचवायची इच्छा प्रत्येक पोराला असते आणि असायलाच हवी. पायात चप्पल नको, कमरेला चामड्याचा पट्टा नको, आणि प्यायलेल्या माणसाने दांड्याला हात लावायचा नाही, यात मित्र-भाऊ बघायचं नाही, सरळ बाजूला करायचं. पहिल्यांदा नाचवताना पुढे घुसू नका, मागच्या दांड्याला लागा, आपल्या उंचीचा जोडीदार बघा नाहीतर सगळा भार एकाच्या खांद्यावर येतो. ढोलाचा ठेका कानात बसू द्या, गुडघे थोडे सैल ठेवा, ठेका चढला की घाई होते तिथेच तोल जातो. खांदा बदलायचा असेल तर आधी हाक द्या, समोरचा खांदा लागल्याशिवाय आपला काढू नका. दुसऱ्या दिवशी खांद्यावर वळ उठतो, त्याला खोबरेल तेल लावा. दुपारी वाडी बदलताना डांबरी रस्त्यावरून अनवाणी चालायचं असेल तर पाय भाजतात, भोयांसाठी वाटेत पाणी मारून ठेवणं ही वाडीतल्या पोरांनी करायची सगळ्यात उपयोगाची सेवा आहे. त्यांना चहापेक्षा कोकम सरबत द्या, त्यात मीठ असू द्या.

होळीच्या रात्रीचं एकच कळकळीने सांगतो, वणवा. मार्चमध्ये कातळावरचं गवत पार वाळलेलं असतं आणि होमाची, म्हणजे पेटलेल्या होळीची, एक ठिणगी वाऱ्यावर गेली की शेजारची आंब्या-काजूची बाग जाते, लोकांची वर्षाची कमाई जाते, आणि काजू तर तेव्हा ऐन हंगामात असतो. होळी उभी राहणार त्या जागेभोवतीचं गवत दिवसा कापून घ्या, पाण्याचे दोन बॅरल आणि ओले टाळ हाताशी ठेवा, होम शांत झाल्यावर दोघातिघांनी तिथे थांबून निखाऱ्यांवर पाणी मारूनच घरी जा. होळीचा माड किंवा झाड कुणाच्या परड्यातलं घ्यायचं हे मानाप्रमाणे ठरलेलं असलं तरी मालकाला विचारूनच तोडा. झाड खांद्यावरून आणताना लहान पोरांना खालून घुसू देऊ नका. होमात नारळ टाकतात तो काढायला पोरं धावतात, सुती कपडे आणि हातात लांब काठी, नायलॉनचा टीशर्ट नको.

रात्री खेळे (सोंगं घेऊन दारोदार नाचणारी मंडळी) येतील, नमन (गाणी-सोंगांचा रात्रीचा खेळ) असेल, त्यातलंच एक सोंग म्हणजे संकासुर येईल. काळे कपडे, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, शहरातली लहान मुलं त्याला बघून हंबरडा फोडतात, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा आणि जबरदस्तीने त्याच्या पुढे ढकलू नका, वर्षदोन वर्षांत तीच पोरं त्याच्या मागे वाडीभर फिरतात. दहा-वीसच्या नोटा सुट्ट्या करून आणा, खेळ्यांना दारात यूपीआय कोड विचारणं बरं दिसत नाही. लाऊडस्पीकर रात्री १० नंतर परवानगी असल्याशिवाय नको, दहावी-बारावीच्या परीक्षा याच दिवसांत असतात आणि वाडीत एकतरी पोर अभ्यासाला बसलेलं असतं. ढोल आणि मृदंगावर नमन पहाटेपर्यंत रंगतं, त्याला बॉक्स लागत नाहीत.

जेवणाचा फार पसारा घालू नका. होळीला पुरणपोळी ठीक आहे, पण पालखीच्या दिवशी घरातल्या बायका चुलीपुढेच अडकल्या तर त्यांना देवीचं तोंडसुद्धा नीट बघायला मिळत नाही. ओल्या काजूची उसळ, भात, सोलकढी सकाळीच करून ठेवा, आल्यागेल्याला पोहे आणि सरबत, पुरे. वाढायला पुरुषांनी उभं राहा.

शहरातले मित्रमैत्रिणी बरोबर आणायचे असतील तर खुशाल आणा, फक्त त्यांना आदल्या दिवशी समजावून सांगा की देवळाच्या गाभाऱ्यात आणि पालखीच्या दांड्याजवळ विचारून जायचं. ज्यांना गावच नाही पण बघायचं आहे त्यांनी रत्नागिरी शहरात श्री देव भैरीच्या पालखीला यावं, बारा वाड्यांचं ग्रामदैवत आहे आणि आख्खं शहर रस्त्यावर असतं, राहायला लॉज मिळतात, स्टेशनवरून रिक्षा मिळते. खाली सिंधुदुर्गात कुडाळकडे रोंबाट (शिमग्यातली सोंगांची मिरवणूक) आणि गोव्यात शिगमो, तेही याच दिवसांतलं, पण दोन्हीकडे एकाच रजेत जमवायला जाऊ नका.

वर्गणी आल्या आल्या देऊन पावती घ्या. गावात राहणारी मोजकी माणसं वर्षभर देऊळ, ढोल, पालखी सांभाळतात, आपण चार दिवस येतो, तेव्हा दर घरामागे ठरलेल्या रकमेवर वाद घालू नका आणि जमलं तर मांडव बांधायला, भांडी घासायला, शेवटी शिंपणं (रंग उडवून शिमगा संपवणं) झाल्यावर रस्ता झाडायला हात लावा.

आणि यंदा खरंच सुट्टी नाही मिळाली तर गप्प बसू नका. शेजारच्या काकीला किंवा वहिनीला फोन करा, ओटीचे पैसे आधी पाठवा, घरातल्या सगळ्यांची नावं आणि काय सांगायचं ते कागदावर लिहून घ्यायला सांगा. त्या तुमचं दार उघडून दिवा लावतील, ओटी भरतील, गुरव तुमच्या नावाने गाऱ्हाणं घालतील. नारळाचा प्रसाद पुढच्या एसटीने कुणाबरोबर तरी येतो, कोण मुंबईला निघतंय ते ग्रुपवर विचारून ठेवा.