सिनॅमिक आम्लाचे स्फटिक आणि कोकणातले ऊन: महाविद्यालयीन प्रयोगासाठी मार्गदर्शन

प्रकाश पडताच ज्यांची रेणुरचना बदलते अशा सेंद्रिय स्फटिकांचा अभ्यास करण्यासाठी लेसर किंवा क्ष-किरण यंत्र हाताशी असलेच पाहिजे असे नाही. रत्नागिरी, दापोली किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयात सिनॅमिक आम्लाची एक बाटली, थोडे इथेनॉल व टोल्युईन, विजेवर चालणारे द्रवणांक-यंत्र आणि दिवसभर ऊन येणारी गच्ची एवढे असले, तरी या विषयातला सर्वांत पायाभूत प्रयोग नीट करता येतो. मात्र प्रयोगाचा निकाल उन्हात लागत असला, तरी तो ठरतो त्याआधी, स्फटिक वाढवताना. म्हणून पुढील मजकुरात उन्हापेक्षा स्फटिक वाढवण्याला अधिक जागा दिली आहे.

आधी कारण समजून घ्यावे. सिनॅमिक आम्लाच्या रेणूत कार्बन-कार्बन द्विबंध असतो. द्रावणात या रेणूवर अतिनील प्रकाश पडला, तर तो द्विबंधाभोवती वळून ट्रान्स रूपातून सिस रूपात जातो आणि शोषलेली ऊर्जा बहुतांशी तिथेच संपते. स्फटिकात रेणूला वळायला जागा नसते, पण शेजारच्या रेणूचा द्विबंध समांतर आणि पुरेसा जवळ असेल, तर दोन्ही द्विबंध उघडून चार कार्बनांचे कडे, म्हणजे सायक्लोब्युटेन, तयार होते. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत श्मिट आणि कोहेन यांनी १९६४ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की हे द्विबंध साधारण ४.२ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आत असतील तरच अभिक्रिया घडते, आणि उत्पाद कोणता मिळेल हे स्फटिकातील मांडणी ठरवते. अल्फा मांडणीत शेजारचे रेणू एकमेकांच्या उलट दिशेने असतात आणि त्यातून अल्फा-ट्रक्सिलिक आम्ल मिळते. बीटा मांडणीत ते एकाच दिशेने असतात आणि त्यातून बीटा-ट्रक्सिनिक आम्ल मिळते. काही प्रतिस्थापित सिनॅमिक आम्लांत आढळणाऱ्या गॅमा मांडणीत अंतर ४.७ अँगस्ट्रॉमच्या पुढे जाते आणि असे स्फटिक कितीही दिवस उन्हात ठेवले तरी जसेच्या तसे राहतात. ही मर्यादा काटेकोर रेषा मानू नये. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवले, की ७-क्लोरोकूमरिनच्या स्फटिकात हे अंतर ४.४५ अँगस्ट्रॉम असूनही अभिक्रिया होते.

कोकणातील विद्यार्थी इथे हमखास विचारतात, की परसातल्या दालचिनीपासून हे आम्ल काढता येईल का. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून लावली जाते, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. सालीच्या तेलात मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड असते, आणि त्याचे ऑक्सिडीकरण केल्यावर सिनॅमिक आम्ल मिळते. परंतु शुद्धीकरणाचा खटाटोप पाहता या प्रयोगासाठी बाटलीतले आम्लच वापरावे असे माझे मत आहे. पर्किन अभिक्रियेने वर्गात तयार केलेले आम्ल असेल, तर ते गरम पाण्यातून एकदा पुनःस्फटिक करून पूर्ण वाळवून घ्यावे. द्रवणांक १३३ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि नेमका आला, तरच पुढे जावे.

स्फटिक वाढवण्यासाठी २ ग्रॅम आम्ल सुमारे २० मिलिलिटर इथेनॉलमध्ये पाण्याच्या ऊष्मकावर, उघड्या ज्योतीपासून दूर, विरघळवावे आणि कोमट असतानाच घडीच्या गाळणकागदातून स्वच्छ चंचुपात्रात गाळावे. किनाऱ्यावर गाळण टाळू नये, कारण हवेतून येणारे मिठाचे आणि धुळीचे कण स्फटिकांची बीजे ठरतात आणि मोजक्या मोठ्या स्फटिकांऐवजी असंख्य बारीक सुया मिळतात. पात्रावर अ‍ॅल्युमिनियमची पन्नी ताणून बसवावी आणि तिला टाचणीने चार-पाच छिद्रे पाडावीत.

पात्र कुठे ठेवायचे हा प्रश्न देशावर फारसा पडत नाही, इथे पडतो. इथेनॉल उडताना द्रावणाचा पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतली वाफ त्यात उतरते. सिनॅमिक आम्ल पाण्यात फारच कमी विरघळते, त्यामुळे द्रावणात पाणी वाढू लागले की आम्ल घाईने खाली बसते. अशा घाईत आपल्याला हव्या असलेल्या अल्फा स्फटिकांत बीटा मांडणीचे स्फटिक मिसळण्याची शक्यता वाढते, आणि मग पुढचे सगळे निष्कर्ष गोंधळाचे होतात. म्हणून पात्र मोठ्या झाकणाच्या बरणीत, तळाशी कोरडे सिलिका जेल घालून ठेवावे आणि बरणीचे झाकण किंचित सैल ठेवावे. जेलचा रंग बदलला की ते भट्टीत तापवून पुन्हा कोरडे करावे. शक्य असेल तर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत उरकावे. पावसाळ्यात ते करूच नये. पात्र हलवू नये, रोज उघडून पाहू नये, आणि द्रावण पूर्ण आटण्याआधी, तळाशी थोडे द्रव उरलेले असतानाच, स्फटिक काढून गाळणकागदावर टिपावेत, कारण शेवटच्या थेंबांत अशुद्धी साठलेली असते. वाळलेले स्फटिक काळ्या कागदात गुंडाळून ठेवावेत. थोडा बीटा अंश राहिलाच असेल, तर तो कालांतराने आपोआप अल्फात बदलतो. ५० अंशांच्या वर हा बदल वेगाने होतो.

स्फटिकांचे तीन वाटे करावेत. पहिला वाटा खलात हलक्या हाताने बारीक करून बोरोसिलिकेट काचेच्या पेट्री डिशमध्ये पातळ पसरावा आणि त्यावर तशाच काचेचे झाकण ठेवावे. हे झाकण वारा आणि खारी धूळ अडवते, पण उपयोगी अतिनील प्रकाश बराचसा आत येऊ देते. दुसरा वाटा तशाच डिशमध्ये घेऊन पन्नीत पूर्ण गुंडाळावा आणि पहिल्याच्या शेजारी ठेवावा. एप्रिल-मेमध्ये जांभ्याच्या किंवा सिमेंटच्या गच्चीवर पूड चांगलीच तापते, आणि झालेला बदल उष्णतेचा नसून प्रकाशाचाच आहे हे सांगणारा एकमेव साक्षीदार हा झाकलेला नमुना असतो. त्याच्याशिवाय केलेला प्रयोग मी ग्राह्य धरत नाही. दोन्ही डिश जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवाव्यात.

रत्नागिरीचा अक्षांश सुमारे १७ अंश असल्याने मेच्या पहिल्या पंधरवड्यात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि अतिनील किरणांना वातावरणातून सर्वांत कमी अंतर कापावे लागते. त्या दिवसांत सकाळी दहा ते दुपारी तीन एवढे ऊन पुरते. प्रकाश पुडीच्या वरच्या थरातच शोषला जातो, म्हणून रोज एकदा ती उलथून पुन्हा पसरावी. आठ-दहा दिवसांनी पहिली तपासणी करावी.

वजन करून काहीच कळणार नाही, कारण दोन रेणू जोडले जाताना काही बाहेर पडत नाही आणि वजन तेवढेच राहते. पूड थोड्या टोल्युईनमध्ये, धूर-कपाटात, ढवळून गाळावी. उरलेले सिनॅमिक आम्ल टोल्युईनमध्ये जाते आणि डायमर, म्हणजे दोन रेणू जोडून झालेला उत्पाद, गाळणकागदावर राहतो. सोडियम बायकार्बोनेटने वेगळे करण्याचा प्रयत्न करू नये. दोन्ही आम्लेच असल्याने दोन्ही विरघळतात. गाळणकागदावरचा पदार्थ वाळवून त्याचा द्रवणांक घ्यावा. तो २८५ अंशांच्या आसपास आला तर मूळ स्फटिक अल्फा मांडणीचे होते. २१० अंशांच्या आसपास आला तर ते बीटा होते, म्हणजे चूक उन्हात नसून स्फटिक वाढवण्यात आहे. द्रवरूप पॅराफिनच्या नळीत २८५ अंश गाठण्याचा प्रयत्न धोक्याचा आहे, त्यासाठी धातूच्या ठोकळ्याचे विजेवरचे यंत्रच हवे. खातरजमेसाठी पदार्थाचे थोडे कण सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात विरघळवून त्यात पातळ पोटॅशियम परमँगनेटचा थेंब टाकावा. मूळ आम्ल जांभळा रंग लगेच घालवते, तर द्विबंध गमावलेला डायमर तो टिकवून ठेवतो. जवळच्या संस्थेत अवरक्त वर्णपट घेता आला, तर १६३० सेंमी⁻¹ जवळची द्विबंधाची रेषा क्षीण झालेली दिसावी.

तिसरा वाटा म्हणजे सर्वांत मोठे, पारदर्शक, अखंड स्फटिक. ते भिंगाखाली ठेवून उन्हात न्यावेत आणि दर काही तासांनी पाहावेत. वरच्या थरात उत्पाद झपाट्याने साचतो, त्याची घडण आतल्या थराशी जुळत नाही, ताण वाढतो आणि स्फटिक तडकून अपारदर्शक होतो. जर्मनीतील एंकेलमन, वेगनर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या तडकण्यावर मार्ग काढला: आम्ल ज्या तरंगलांबीचा प्रकाश जेमतेम शोषते, तेवढाच प्रकाश वापरला तर तो स्फटिकाच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो, अभिक्रिया सर्वत्र सारख्या गतीने होते आणि स्फटिक अखंड राहतो. आपल्याकडे याची ढोबळ चाचणी अशी करता येते, की काही स्फटिकांवर खिडकीच्या साध्या जाड काचेचा तुकडा ठेवावा, कारण ती काच लघु तरंगलांबीचा अतिनील प्रकाश बराच अडवते, आणि काही स्फटिक काचेविना ठेवावेत. काचेखालच्यांना वेळ जास्त लागेल. त्यांच्यावर पडणाऱ्या तडांची तुलना उघड्या स्फटिकांशी करून, दोहोंची भिंगातून घेतलेली छायाचित्रे तारीख आणि उन्हाच्या तासांसह नोंदवहीत चिकटवावीत.

हा प्रयोग नीट जमल्यावर ४-क्लोरोसिनॅमिक आम्ल घ्यावे. क्लोरीनमुळे त्याचे रेणू बीटा मांडणीत बसतात, त्यामुळे त्याच गच्चीवर, त्याच उन्हात उत्पादाची घडण बदललेली मिळते.