चांदीच्या इलेक्ट्रोडवरील रामन वर्णपट : उजेडाचा हिशेब कसा ठेवावा

पृष्ठवर्धित रामन प्रयोगात, म्हणजे खडबडीत धातूवर चिकटलेल्या रेणूंनी विखुरलेल्या लेझर प्रकाशाचा बळावलेला वर्णपट नोंदवताना, प्रकाश मोजमापाइतकाच पृष्ठभाग घडवण्याचे, आणि कधी बिघडवण्याचेही, काम करतो. म्हणून गोवा विद्यापीठाच्या ताळगाव पठारावर किंवा बिट्स पिलानीच्या गोव्यातील झुआरीनगर परिसरात हा प्रयोग मांडणाऱ्या विद्यार्थ्याने उजेडाची नोंद रसायनांच्या नोंदीइतकीच काटेकोर ठेवावी.

चांदीची चकती 0.05 मायक्रॉन अ‍ॅल्युमिनाने घासून शुद्ध पाण्याने धुवावी आणि लगेच सेलमध्ये बसवावी, कारण गोव्याच्या पावसाळी दमट हवेत उघडी चांदी लवकर काळवंडते. नंतर 0.1 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ऑक्सिडीकरण-क्षपण चक्र द्यावे, म्हणजे चकतीचे विभव (तिला दिलेला विद्युत दाब) वर नेऊन परत खाली आणावे. या चक्रात चांदीवर आधी सिल्व्हर क्लोराइड बनते आणि मग त्याचे पुन्हा खडबडीत चांदीत रूपांतर होते. सिल्व्हर क्लोराइड प्रकाशाने विघटित होत असल्याने चक्राच्या वेळी लेझर सुरू ठेवल्यास पृष्ठभाग निराळा बनतो आणि रामन संकेत बहुधा वाढतो. माझ्या मते नवशिक्याने चक्र आधी अंधारातच द्यावे, आणि प्रकाशातले चक्र तुलनेसाठी वेगळ्या चकतीवर करावे.

चांदीला 532 नॅनोमीटरचा हिरवा लेझर चालतो; सोने व तांबे हिरवा प्रकाश स्वतःच शोषून घेत असल्याने त्यांना 633 किंवा 785 नॅनोमीटर हवा. 1974 साली फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीवरच्या पिरिडीनचा वर्णपट नोंदवला. सरावासाठी तेच रेणू घ्यावेत आणि 1008 व 1036 प्रति सेंटीमीटर (विखुरलेला प्रकाश लेझरच्या मूळ रंगापासून किती सरकला याचे एकक) ही दोन शिखरे शोधावीत. शिखराची उंची ज्या विभवाला सर्वाधिक असते, ते विभव लेझरचा रंग बदलला की सरकते, कारण धातू व रेणू यांच्यातील इलेक्ट्रॉन-हस्तांतर फोटॉनच्या ऊर्जेवर अवलंबून असते. त्यामुळे दोन लेझरचे आलेख एकाच विभवाला ताडून निष्कर्ष काढू नये.

खोलीतले दिवे मालवावेत. जुन्या पाऱ्याच्या ट्यूबलाइटची 546 नॅनोमीटरची रेषा 532 च्या लेझरसोबत सुमारे 485 प्रति सेंटीमीटरला खोटे शिखर दाखवते.

लेझरची शक्ती शक्य तितकी कमी ठेवून एकाच ठिकाणी लागोपाठ वर्णपट घ्यावेत. 1350 आणि 1580 प्रति सेंटीमीटरच्या आसपास रुंद पट्टे वाढू लागले, तर तिथे कार्बन साचतो आहे असे समजावे आणि जागा बदलावी. पॅरा-अमिनोथायोफिनॉल या रेणूच्या बाबतीत अधिक सावध राहावे, कारण लेझरखाली त्याचेच अझो संयुग (दोन रेणू नायट्रोजनच्या दुहेरी बंधाने जोडून झालेले) बनते आणि 1142, 1390 व 1440 ची शिखरे मूळ रेणूची नसून त्या संयुगाची असतात.