ड्रुइडला प्राणी करताना या चुका टाळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाचं आमचं टेबल कोथरूडला शनिवारी संध्याकाळी बसतं. शिवाय नवं टेबल सुरू केलेले लोक अडले की मला बोलावतात, आणि ते कुठे अडलेत हे मला जिना चढतानाच माहीत असतं. ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू वापरणारं पात्र, दुसऱ्या लेव्हलला पोचलेला असतो, त्याला वाइल्ड शेप, म्हणजे प्राण्याचं रूप घ्यायची शक्ती, मिळालेलं असतं आणि खेळ चालवणारा डीएम म्हणतो, "हे फार किचकट आहे, काहीतरी सोपं करून द्या."

सोपं करता येतं. पण बहुतेक जण जे सोपं करायचं ते सोडून भलतंच सोपं करतात. तेच तेच सांगून थकलोय, म्हणून एकदाचं लिहून काढतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम धरले आहेत, कारण मी ज्या टेबलांवर जातो तिथे अजून तेच पुस्तक असतं. २०२४ च्या नियमांत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगतो.

लढाई सुरू झाल्यावर प्राणी शोधणं

एवढी एक चूक टाळलीत तरी अर्धं काम झालं.

जुलैतला शनिवार होता, बाहेर मुसळधार पाऊस. आम्ही सहा जण. त्यातली एक मुलगी पहिल्यांदाच आलेली, हडपसरहून दोन बस बदलून. घाटात गॉब्लिन आडवे आले, पाळ्यांचा क्रम ठरवायला इनिशिएटिव्ह टाकून झालं, ड्रुइडची पाळी आली. तो म्हणाला, "मी प्राणी होतो." कुठला? "थांब, बघतो." आणि फोन काढला. आधी त्याला अस्वल आवडलं, पण तपकिरी अस्वलाचा सीआर (प्राणी किती भारी ते सांगणारा आकडा) १. साध्या ड्रुइडला दुसऱ्या लेव्हलला पाव सीआरच्या वर जाता येत नाही, आणि उडणारं किंवा पोहणारं रूपही घेता येत नाही. मग घुबड काढलं. ते उडतं, म्हणून बाद. मग मगर. तिचा सीआर अर्धा, वर ती पोहते, म्हणजे दोनदा बाद. त्याला मदत करायला आणखी तिघांनी फोन काढले आणि प्रत्येकाच्या फोनवर वेगळाच लांडगा निघाला. कोणीतरी चहा टाकला, तो पिऊनही झाला.

त्या मुलीची पाळी ड्रुइडच्या लगेच नंतर होती. पंचवीस मिनिटं ती हातात फासा धरून बसली. त्या संध्याकाळी तिला दोनच पाळ्या मिळाल्या. शेवटची बस गाठायची म्हणून ती उठली, "छान होतं" म्हणाली, आणि परत कधी आली नाही. डीएम मी होतो. ड्रुइडला पहिल्या मिनिटाला थांबवणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: कार्ड नाही तर रूप नाही. अप्पा बळवंत चौकातून जाड कागदाची, पोस्टकार्डाएवढी कार्डं आणायची. एका प्राण्याला एक कार्ड. त्यावर आर्मर क्लास (मार बसायला समोरच्याला गाठावा लागणारा आकडा), हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा), वेग, एक हल्ला आणि त्या प्राण्याची एक खासियत. लांडगा घ्या: आर्मर क्लास १३, हिट पॉइंट ११, वेग ४० फूट, चाव्याच्या फाशाला +४, इजा २डी४+२ (चार बाजूंचे दोन फासे, अधिक दोन). चावा बसला की समोरच्याने ११ चा स्ट्रेंग्थ सेव्ह करायचा, म्हणजे ताकदीचा फासा टाकून ११ गाठायचे, चुकला की तो आडवा. आणि शत्रूच्या पाच फुटांत आपला गडी उभा असेल तर हल्ल्याला ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. झालं. लांडगा एवढाच आहे.

कार्ड हाताने लिहायचं. यावर माझ्याशी पुष्कळ जण वाद घालतात, "ॲपमध्ये सगळं तयार असतं की!" तयार असतं, पण ते वाचलेलं नसतं. ज्याने लांडग्याचे आकडे स्वतः उतरवलेत त्याला तो चावा आडवा पाडतो हे लढाईत आपोआप आठवतं. ज्याने स्क्रीनशॉट काढलाय त्याला दर वेळी मला आठवण करून द्यावी लागते. दहा मिनिटं घरी बसून लिहायचा ज्याला कंटाळा आहे, त्याने सरळ फायटर, म्हणजे जादू नसलेला साधा लढवय्या, घ्यावा. फायटर उत्तम क्लास आहे.

कार्डं किती? सुरुवातीला चार. एक लढायला, एक चोरून शिरायला, एक चढायला किंवा पळायला, आणि एक मनाला वाटेल ते. २०२४ च्या नियमांत हीच गोष्ट पुस्तकात आली: दुसऱ्या लेव्हलला चार ठरलेली रूपं, चौथीला सहा, आठवीला आठ, आणि लाँग रेस्टनंतर (पात्रांची रात्रभराची विश्रांती) त्यातलं एक बदलता येतं. मला तो बदल मनापासून पटला.

कुठले चार हे ठरवायला जुना नियम पुरेसा आहे: ड्रुइडने जो प्राणी पाहिलाय त्याचंच रूप घेता येतं. लोक हा नियम अडचण समजून उडवून लावतात. मला तर यादी आखूड करायला याहून चांगलं काही मिळालेलं नाही. "तुझा ड्रुइड कुठे वाढला?" एवढं विचारायचं. नवखा गोंधळला तर मी सांगतो, आपल्या आसपासचेच प्राणी घे. सासवडकडच्या माळावरचा लांडगा. जुन्नरचा बिबट्या; त्याला पँथरचे आकडे चालतात, पाव सीआर, १३ हिट पॉइंट. भीमाशंकरचा शेकरू पुस्तकात नाही, पण मांजराचे आकडे त्याला चपखल बसतात: दोन हिट पॉइंट आणि ३० फूट चढण्याचा वेग.

आणि घोरपड! पुण्यात वाढलेल्या कोणालाही यशवंती समजावून सांगावी लागत नाही. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांच्या मावळ्यांनी कोंढाण्याचा कडा घोरपडीला दोर बांधून सर केला, ही आख्यायिका आपण सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताना ऐकलेली असते. पुस्तकात जायंट लिझार्ड आहे: पाव सीआर, १९ हिट पॉइंट, आर्मर क्लास १२, चढण्याचा वेग ३० फूट. दुसऱ्या लेव्हलला उडणं आणि पोहणं बंद असतं, चढण्यावर काही बंदी नाही. आमच्या एका ड्रुइडने कमरेला दोर बांधून घेतला, घोरपड होऊन बुरूज चढला, वर मूळ रूपात येऊन दोर तटाला बांधला आणि सगळ्यांना ओढून घेतलं. त्या रात्री एकही पुस्तक उघडावं लागलं नाही.

सगळे प्राणी एकसारखे करून टाकणं

ही चूक मी स्वतः, पूर्ण विचार करून केली. वर सांगितलेल्या शनिवारनंतर मी इतका वैतागलो होतो की एकच साचा बनवला. कुठलाही प्राणी होवो, आर्मर क्लास १३, हिट पॉइंट लेव्हलच्या पाचपट, हल्ल्याला +४, इजा १डी८. कागदावर फार नेटकं दिसत होतं.

पहिल्या सेशनला सगळे खूश. दुसऱ्या सेशनला ड्रुइड खेळणाऱ्याने विचारलं, "मग मी बिबट्या झालो काय आणि बोकड झालो काय, फरक काय?" मी म्हटलं, वर्णन तुझं. तिसऱ्या सेशनला त्याने वाइल्ड शेप वापरलंच नाही. काठीने मारत राहिला. विचारलं तर म्हणाला, "प्राणी होण्यात आता काही होत नाही."

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. माणूस ड्रुइड निवडतो तो लांडग्याच्या नाकासाठी, मांजराच्या पावलांसाठी. मी आकडेमोड कापायला गेलो आणि प्राणीच कापून टाकला.

साचा वापरायला माझी हरकत नाही, पण प्रत्येक प्राण्याची एक खासियत त्यातून वाचली पाहिजे. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत, २०१९ साली, हेच नीट केलेलं आहे. तिथे प्राणिरूपाच्या स्पेलला आर्मर क्लास १६ अधिक तुमची लेव्हल, पाच टेंपररी (तात्पुरते) हिट पॉइंट आणि हल्ल्याला +९ असे आकडे सगळ्यांना सारखे आहेत. वेग आणि हल्ले मात्र प्रत्येक प्राण्याचे वेगळे. त्याहून जुनं उदाहरण डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्याच १९७८ च्या पुस्तकातलं. ड्रुइड सातव्या लेव्हलपासून दिवसातून तीनदा रूप बदलू शकायचा: एकदा सरपटणारा प्राणी, एकदा पक्षी, एकदा सस्तन. नियम आखूडच होता, पण पक्षी संपला की दिवसभर उडता येणार नाही हे खेळणाऱ्याला टोचायचं, आणि ते टोचणं फार मोलाचं आहे.

दोन पुस्तकांची खिचडी

२०१४ मध्ये प्राण्याचे हिट पॉइंट तुमच्या हिट पॉइंटवर कवचासारखे येतात, आणि वाइल्ड शेपचे दोन वापर शॉर्ट रेस्टला (पात्रांची छोटी विश्रांती) पुरे भरून मिळतात. २०२४ मध्ये हिट पॉइंट तुमचेच राहतात, वर लेव्हलइतके टेंपररी मिळतात, मून सर्कल (प्राणिरूपात लढणारा ड्रुइडांचा पंथ; जुन्या नियमांत त्याला दुसऱ्या लेव्हललाच सीआर १ चालतो) असेल तर लेव्हलच्या तिप्पट. आणि शॉर्ट रेस्टला एकच वापर परत येतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात. सिंहगड रस्त्याच्या एका टेबलावर मी दोन्ही एकत्र चाललेल्या पाहिल्या. दुसऱ्या लेव्हलचा मून ड्रुइड: स्वतःचे १७, अस्वलाचे ३४, तेही दोनदा, आणि प्रत्येक वेळी वर ६ टेंपररी. बेरीज ९७. शेजारच्या फायटरचे २२. फायटर खेळणारा मुलगा हळूच म्हणाला, "मग मी कशाला आलोय?" त्याला देण्यासारखं उत्तर तिथे कोणाकडे नव्हतं.

टेबलावर एकच पुस्तक ठेवा. दुसरं पिशवीतून काढूच नका.

जखमेचा हिशेब

जुन्या नियमात इथे हमखास घोळ होतो. अस्वलाचे सहा हिट पॉइंट उरलेत, ओगरने तेरा मारले. अस्वल संपलं, उरलेले सात ड्रुइडच्या अंगावर. ड्रुइड रूप घेण्याआधी जिथे होता तिथून हे सात वजा करायचे. काही जण सात सोडूनच देतात, काही जण पूर्ण तेरा वजा करतात. मी रूप घेण्याआधीचा आकडा कॅरेक्टर शीटवर लिहून त्याभोवती गोल काढायला लावतो आणि प्राण्याची वजाबाकी पेन्सिलीने कार्डावरच करायला सांगतो. गोलातल्या आकड्याला प्राणी असेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. वापर मोजायला दोन चिंचोके. रूप घेतलं की एक माझ्याकडे द्यायचा, शॉर्ट रेस्ट झाली की मी परत देतो. "माझा एक वापर उरलाय ना?" हा प्रश्न त्यानंतर आमच्याकडे ऐकू आलेला नाही.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

डोकं प्राण्याचं होत नाही. इंटेलिजन्स, विस्डम, करिश्मा तुमचेच, आणि तुमची प्रोफिशियन्सीही (शिकलेल्या कौशल्यांची भर) टिकते. विस्डम १६ आणि पर्सेप्शन (आसपासचं हेरायचं कौशल्य) येत असलेल्या दुसऱ्या लेव्हलच्या ड्रुइडचं पर्सेप्शन +५ असतं, लांडग्याचं +३. मोठं ते घ्यायचं. लोक लांडग्याचं +३ उतरवतात आणि मग वास का येत नाही म्हणून कुरकुरतात. कार्डाच्या मागे आपले आकडे लिहून ठेवा.

प्राणी असताना नवा स्पेल टाकता येत नाही, पण आधी टाकलेल्याचं कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवणारी एकाग्रता) तुटत नाही. म्हणजे आधी स्पेल, मग रूप. उलट केलंत तर एक पाळी वाया गेली.

रूप घ्यायला २०१४ मध्ये पूर्ण ॲक्शन, म्हणजे पाळीतलं मुख्य काम, लागते. बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या छोट्या जादा कामात, फक्त मून सर्कलला जमतं. स्वतःहून परत यायला मात्र सगळ्यांना बोनस ॲक्शन.

रूप टिकतं लेव्हलच्या निम्मे तास. दुसऱ्या लेव्हलला एकच तास, त्यामुळे रात्रभर मांजर होऊन पहारा देता येत नाही.

सामान खाली पडलं, अंगात मिसळलं की अंगावर राहिलं, हे रूप घेतानाच बोला. नंतर बोलायला गेलात की भांडण होतं.

नवीन डीएमसाठी एक. ड्रुइडने काही भन्नाट मागितलं की लगेच "चालेल" म्हणू नका. "कार्ड करून आण, पुढच्या वेळी बघू" म्हणा. खरी हौस असेल तर तो कार्ड आणतो. नसेल तर पुढच्या वेळेपर्यंत त्याच्या लक्षातही नसतं.

आणि घाई करणाऱ्यांसाठी एक. चौथ्या लेव्हलला अर्धा सीआर आणि पोहणं उघडतं, तेव्हा मगरीचं कार्ड करा. आठव्या लेव्हलला सीआर १ आणि उडणं. जायंट ईगलचे २६ हिट पॉइंट आणि उडण्याचा ८० फूट वेग मलाही फार आवडतो, पण ते कार्ड दुसऱ्या लेव्हलला करून डब्यात ठेवू नका. ठेवलेलं कार्ड दर सेशनला बाहेर निघतं, आणि "या एकाच वेळी चालेल का?" असं विचारलं जातं. आमच्याकडे ते कार्ड आठव्या लेव्हलच्या संध्याकाळी, टेबलावर, सगळ्यांच्या समोर लिहितात. लिहून होईपर्यंत बाकीचे थांबतात. त्या एका कार्डासाठी आम्ही सगळे खुशीने थांबतो.