जमिनीची मोजणी आणताना: फी किती, कागद कोणते, घोळ कुठे होतो

बांधावरून भांडण पेटलं की पहिला विचार येतो, 'मोजणी आणू.' आणावीच. पण महाराष्ट्रात शेताची कायदेशीर हद्द ठरवते ती तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख कार्यालयाची मोजणी. कुणी खासगी सर्व्हेअर बोलावून मशीन फिरवली, नकाशा काढला, तरी शेजाऱ्यावर तो बंधनकारक नसतो. त्यामुळे आधी ठरवायचं की मोजणी कशासाठी हवी.

बांध कोरलाय का, शेजारी किती आत आलाय हे बघायचं असेल तर 'हद्द कायम' मोजणी. भावाभावांत वाटणी करून नकाशावर हिस्से पाडायचे असतील तर 'पोटहिस्सा' मोजणी. याशिवाय बिनशेतीची, कोर्ट वाटपाची, कोर्ट कमिशनची असे प्रकार वेगळे. इथेच सगळ्यात जास्त अर्ज चुकतात. सातबाऱ्यावर गट नंबर 112/2 दिसतो म्हणून लोक हद्द कायमचा अर्ज टाकतात. पण 112/1 आणि 112/2 हे हिस्से बऱ्याचदा नुसते फेरफाराने, म्हणजे तलाठ्याकडच्या कागदी नोंदीने, पडलेले असतात, त्यांची प्रत्यक्ष मोजणी कधी झालेलीच नसते. ज्या हिश्श्याचा नकाशाच नाही त्याची हद्द भूकरमापक (सरकारी मोजणीदार) दाखवणार कुठून? तो फार तर अख्ख्या 112 ची बाहेरची हद्द दाखवू शकतो. अशा वेळी आधी पोटहिस्सा मोजणीच करावी लागते आणि तिला सगळ्या सहधारकांची संमती लागते. एकाने सही नाकारली की तो मार्ग थांबतो. मग तहसीलदारांकडे कलम 85 खाली वाटपाचा अर्ज किंवा दिवाणी दावा.

म्हणून फी भरण्याआधी भूमि अभिलेख कार्यालयातून आपल्या नंबरच्या नकला काढा. जुन्या सर्व्हे नंबरचं टिपण (बांधांची मापं लिहिलेला जुना मोजणी नकाशा) आणि गुणाकार बुक (त्या मापांवरून काढलेल्या क्षेत्राचा हिशोब), हिस्सा मोजलेला असेल तर फाळणी बारा (हिश्श्याच्या मोजणीचा नकाशा), गटवारी झालेल्या, म्हणजे सर्व्हे नंबर जोडून गट पाडलेल्या गावात एकत्रीकरणाचा नकाशा. टिपण हातात आलं की त्यावरचे आकडे साखळी आणि आण्यांत असतात. एक साखळी 33 फूट, तिचे 16 आणे. बांधावर 4-8 लिहिलं असेल तर साडेचार साखळ्या, म्हणजे 148.5 फूट. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तुकडा 1089 चौरस फूट भरतो, तोच आपला गुंठा. टेपने अंदाजे मोजून बघितलं तर निम्मा वाद घरबसल्या कळतो, आणि कधी कधी आपणच शेजाऱ्यात शिरलोय हेही कळतं.

आता फी. पूर्वी साधी, तातडीची, अतितातडीची असे प्रकार होते. डिसेंबर 2024 पासून दोनच उरले: नियमित आणि द्रुतगती. तेव्हा ठरलेले दर असे: ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंत नियमित 2000 रुपये, द्रुतगती 8000. त्यापुढच्या दर 2 हेक्टरला 1000 आणि 4000. महापालिका, नगरपालिकेच्या हद्दीत 1 हेक्टरपर्यंत 3000 आणि 12000, पुढच्या दर हेक्टरला 1500 आणि 6000. तेव्हा नियमितची मुदत 90 दिवस ठरली, द्रुतगतीची 30.

गणित सोपं आहे, पण एक खाच आहे. 2 हेक्टर म्हणजे पाच एकर धरून चालू नका. ते 4 एकर 38 गुंठ्यांच्या आसपास भरतात. सातबाऱ्यावर क्षेत्र 2 हेक्टर 02 आर असेल, म्हणजे आपल्या भाषेत जवळपास पाच एकर, तर फी 2000 नाही, 3000 पडते. दोन आरसाठी पुढचा अख्खा टप्पा लागतो. चलन भरण्याआधी सातबाऱ्यावरचा हेक्टर-आरचा आकडाच बघा.

अर्ज भूमि अभिलेख खात्याच्या ऑनलाइन ई-मोजणी प्रणालीवर होतो. त्यात लागतं ते असं: ताजा सातबारा (गावठाण, शहर असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड), मोजणीचा प्रकार, कोणत्या दिशेची हद्द वादात आहे ते, आणि चारही बाजूंच्या लगतच्या कब्जेदारांची नावं, पत्ते. हे पत्ते नीट द्या. नोटीस त्याच पत्त्यावर जाते. ती मिळाली नाही तर शेजारी त्या दिवशी हरकत घेतो आणि आपली तारीख वाया जाते. मयत खातेदाराचं नाव देऊ नका, वारसांची द्या. पैसे भरले की मोजणी रजिस्टर नंबर मिळतो, तो जपून ठेवा; पुढचा सगळा पाठपुरावा त्याच्यावर चालतो.

तारीख कधी पडते हेही महत्त्वाचं. ऊस उभा असेल, कपाशी डोक्याएवढी असेल तर मशीनला दिसत नाही आणि भूकरमापक परत जातो. अर्ज असा टाका की तारीख पीक निघाल्यावर येईल.

मोजणीच्या दिवशी दोन-तीन गडी, खुणेचे दगड, चुना, पहार हे आपणच न्यायचं. फीच्या बाहेरचा खर्च तो हाच. भूकरमापक आधी वहिवाट मोजतो, म्हणजे आज कोण कुठवर कसतोय ते, मग त्यावर जुना अभिलेख बसवतो. तेव्हा खुणा दाखवताना गप्प राहू नका. जुना बांध, दगड, विहीर, वडिलांनी लावलेलं झाड, जे माहीत आहे ते दाखवा. हद्दीच्या खुणा दिल्या की लगेच दगड रोवा आणि फोटो काढा. चुन्याची रेघ पहिल्याच पावसात जाते. शेजाऱ्याने अडवलं तर हातघाईवर येऊ नका. पंचनामा करायला लावा. पोलीस बंदोबस्त हवा असेल तर त्याचं शुल्क वेगळं भरावं लागतं.

काही दिवसांनी 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची अधिकृत नक्कल, मिळते. अतिक्रमण असेल तर ते किती क्षेत्राचं आणि कुणाचं, हे त्यावर येतं. ते हटवणं मात्र मोजणी खात्याचं काम नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागतं आणि तिथे 'क' प्रत पुरावा ठरते. मोजणी पटली नाही तर त्याच अर्जावर वाद घालत न बसता निमताना मोजणीचा, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा, अर्ज करायचा, तीही पटली नाही तर त्यावर पुन्हा सुपर निमताना.

खासगी सर्व्हेअर लागतो तो वेगळ्या कामांना: प्लॉट घेण्याआधी क्षेत्राची खात्री, लेआउट, पाइपलाइन, शेततळ्यासाठी उंच-सखल नकाशा. दर एकरावर किंवा दिवसावर सांगतात. ठरवताना विचारा: मशीन कोणतं, माणसं किती, प्रवास धरलाय का, जीएसटी वेगळा का (नोंदणी असेल तर 18 टक्के), आणि छापील नकाशासोबत संगणकातली मूळ फाइल व बिंदूंचे अक्षांश-रेखांश देणार का. फाइल आधी ठरवून घेतली नाही तर नंतर एक रेघ हलवायलाही पुन्हा पैसे मोजावे लागतात.