थंडीत घट्ट, मे महिन्यात पातळ: नाशिकच्या हवेत घरच्या कुकीज

कुकी बिघडली की बोल लावला जातो ओव्हनला, नाहीतर मैद्याला. खरा चोर बहुतेक वेळा तूप असतं. जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरला की डब्यातलं तूप उलथन्याने खरवडावं लागतं, आणि मे महिन्यात तेच तूप पळीतून तेलासारखं ओघळतं. कृती तीच, मापं तीच, तरी जानेवारीतली नानकटाई गोळ्यासारखी उभी राहते आणि मे महिन्यातली पसरून पापडी होते. म्हणून एक मूळ कृती पक्की करून घ्या आणि हवेप्रमाणे, सणाप्रमाणे तिच्यात हवा तेवढाच बदल करा.

मूळ कृती

साधारण २० नगांसाठी मैदा १३० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, तूप ११० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची आणि थोडं जायफळ. वाटीच्या मापावर विसंबू नका. दाबून भरलेली मैद्याची वाटी आणि चाळून भरलेली वाटी यांत सहज २५-३० ग्रॅमचा फरक पडतो, आणि एवढा फरक नानकटाईला पुरेसा आहे. स्वयंपाकघरातला साधा काटा घेतला की निम्म्या तक्रारी मिटतात.

बेसन आधी कोरडंच मंद आचेवर तीन-चार मिनिटं भाजून पूर्ण गार करा. न भाजलेल्या बेसनाचा कच्चा वास ओव्हनमध्येही पुरता जात नाही.

तूप श्रीखंडाइतकं घट्ट हवं. बोट दाबलं की खड्डा पडावा, पण बोटावरून ओघळ येऊ नये. त्यात पिठीसाखर घालून हाताने सहा-सात मिनिटं एकाच दिशेने फेसा. रंग पांढरट झाला आणि मिश्रण हलकं लागलं की थांबा. या फेसण्यात शिरलेली हवाच पुढे खुसखुशीतपणा देते. पातळ तुपात हवा टिकत नाही, मग कितीही फेसा.

पिठं, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र दोनदा चाळून त्यात घाला आणि नुसता गोळा जमवा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि नानकटाई कडक होते. गोळा जमत नसेल तर दूध छोट्या चमच्याने, एकावेळी एकच चमचा. २० ग्रॅमचे गोळे करून हलके चपटे करा आणि दोन गोळ्यांत दोन बोटांचं अंतर ठेवा. ओव्हन १७० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवा, ट्रे मधल्या खणात ठेवून आच १६० वर आणा आणि १५ ते १७ मिनिटं भाजा.

ओव्हनमधून काढताना नानकटाई मऊच लागते. ती कडक होईपर्यंत आत ठेवली तर थंड झाल्यावर दातांची परीक्षा होते. खालची बाजू फिकट बदामी झाली, कडा बोटाला घट्ट लागल्या की बाहेर काढा आणि दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या. गरम असताना उचलली तर तुटणारच.

घरगुती ओटीजीची, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनची, चकती जे सांगते ते आत असतंच असं नाही, १५-२० अंशांचा फरक नेहमीचा. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो एकदा घ्याच. ट्रे काळा असेल तर तो उष्णता जास्त ओढतो आणि तळ लवकर करपतो, तेव्हा आच १० अंशांनी कमी ठेवा. परदेशी कृतींमध्ये उंचावरच्या गावांसाठी वेगळी मापं दिलेली असतात. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे आणि एवढ्या उंचीला मापात काही बदलावं लागत नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई घ्या, नॉनस्टिक नको. तळाला बोटाच्या पेराएवढा मिठाचा थर, त्यावर रिंग आणि घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून आत तूप लावलेली ॲल्युमिनियमची थाळी ठेवा आणि मंद आचेवर २०-२५ मिनिटं भाजा. वरून रंग येत नाही, ती कढईची मर्यादाच आहे. रंगाची वाट बघत बसलात तर तळ जळेल. ते मीठ पुढच्या वेळी भाजायला चालतं, भाजीत नको.

थंडी: संक्रांत आणि नाताळ

थंडीत तूप नुसतं घट्ट होत नाही, रवाळही होतं आणि त्याचे दाणे फेसताना सुटत नाहीत. ते मंद आचेवर पूर्ण वितळवा, मग भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून घट्ट होईपर्यंत ढवळत राहा. लोण्यासारखं मऊसूत होतं.

संक्रांतीच्या तिळगूळ कुकीजसाठी कणीक १२० ग्रॅम, मैदा ४० ग्रॅम, भाजलेले तीळ ६० ग्रॅम (त्यातले निम्मे जाडसर कुटलेले), गुळाची पूड ९० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम, खायचा सोडा पाव छोटा चमचा आणि सुंठ. गुळाला किंचित आंबटपणा असतो, म्हणून इथे सोडा पुरतो, बेकिंग पावडर लागत नाही. चिक्कीचा गूळ मात्र वापरू नका. तो तापून ताणतो आणि थंड झाल्यावर काचेसारखा कडक होतो. साधा कोरडा गूळ बारीक किसून चाळून घ्या. खडा राहिला तर भाजताना तिथे पाक होतो आणि कुकी ट्रेला चिकटते. गुळामुळे रंग लवकर चढतो, त्यामुळे रंगावरून अंदाज बांधू नका. १५५-१६० अंशांवर १४ मिनिटं झाली की एक कुकी उलथन्याने उचलून तळ बघा.

बाजरीच्याही करता येतात, कणकेऐवजी निम्मी बाजरी घालून. पीठ चार-पाच दिवसांपूर्वी दळलेलं असेल तर नको, बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं.

नाताळच्या कुकीजसाठी नाशिकला बेदाण्यांची उणीव नाही. १०० ग्रॅम बेदाणे संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवा, निथळा, कपड्यावर तासभर पसरा आणि बारीक चिरून मूळ कृतीत घाला. बेसनाच्या जागी तेवढाच मैदा, वेलचीच्या जागी दालचिनी आणि सुंठ. बेदाणे ओले राहिले तर त्यांच्याभोवतीचं पीठ गिच्च राहतं. जानेवारीनंतर द्राक्षांचा हंगाम भरात आला की ताजी द्राक्षंच घालून बघावीत असा मोह होतो. तो आवरा. द्राक्षात जवळपास ८० टक्के पाणी असतं, कुकीचा शिरा होईल.

नागली, बारा महिने

सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडची नागली, म्हणजे नाचणी, रोजच्या डब्याच्या बिस्किटांना उत्तम. पीठ मंद आचेवर पाच-सहा मिनिटं खमंग वास येईपर्यंत भाजा. नागलीला स्वतःचा चिकटपणा नसतो, म्हणून निम्मी कणीक हवीच. नागली १०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम, गुळाची पूड ८५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा आणि लागेल तसं दोन-तीन चमचे दूध. गोळा झाकून २० मिनिटं ठेवा, म्हणजे पीठ ओलावा शोषून घेतं आणि कडांना भेगा पडत नाहीत. शंभर टक्के नागलीची कुकी करण्याचा हट्ट धरला तर चव चांगली येते, पण खाणाऱ्याच्या अंगावर भुगा सांडतो.

रंगपंचमी

रंगपंचमीला रहाडी, म्हणजे नाशिकचे रंगाचे जुने हौद, उघडल्या की रंगीत कुकीजचीही फर्माईश होते. बिटाचा रस घातलात तर कच्चा गोळा सुंदर गुलाबी दिसेल आणि ओव्हनमधून तपकिरी होऊन बाहेर येईल. हळद घालून पिवळ्या करायच्या असतील तर सोडा टाळा, सोड्याने हळद लालसर होते. रंग भाजल्यानंतरच चढवावा हे बरं. ५० ग्रॅम पिठीसाखरेत बिटाच्या रसाचे थोडे थेंब कालवून घट्टसर लेप करा आणि पूर्ण गार झालेल्या कुकीवर लावा.

उन्हाळा

एप्रिल-मे मध्ये सकाळी सात-आठच्या आत काम उरका. तूप फ्रिजमध्ये १५-२० मिनिटं ठेवून हवं तेवढं घट्ट करा, फेसायचं भांडंही गार करून घ्या. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये, आकार दिल्यावर ट्रेसकट आणखी १५ मिनिटं, आणि तिथून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये. ओव्हन तापण्याआधी ट्रे बाहेर काढला तर सगळी मेहनत वाया. एवढं करूनही पसरत असतील तर मैदा १५ ग्रॅमने वाढवा. तूप कमी करण्यापेक्षा हा उपाय बरा, चव जात नाही. दाणेदार साखरेनेही कुकी जास्त पसरते, म्हणून या दिवसांत पिठीसाखरच. बेकरीची बिस्किटं उन्हाळ्यातही आकार धरतात, कारण तिथे बरेचदा वनस्पती तूप असतं आणि ते जास्त तापमानाला वितळतं.

तुपाऐवजी बटर वापरायचं असेल तर १०० ग्रॅम तुपाच्या जागी १२० ग्रॅम बटर धरा, दूध अजिबात घालू नका, आणि बटर खारं असेल तर मीठही. बटरमध्ये पाणी असतं, त्यामुळे कुकी थोडी कमी खुसखुशीत होते.

आंब्याची कुकी करायची तर आमरस नको. आंबापोळीचे बारीक तुकडे ४० ग्रॅम, वरून थोडं मैद्यात घोळवून घाला.

पावसाळा आणि उपवास

सगळ्यात जास्त तक्रारी याच चार महिन्यांतल्या, आणि तक्रार एकच: सादळल्या. दोष भाजण्यात कमी आणि नंतरच्या अर्ध्या तासात जास्त असतो. गरम कुकी डब्यात भरली की तिचीच वाफ तिला मऊ करते. उघड्यावर तासभर गार केली तर ती दमट हवेतला ओलावा शोषते. यातला मार्ग असा: भाजून झाल्यावर आच १२० अंशांवर आणा, आणखी आठ मिनिटं ठेवा, ओव्हन बंद करून दार बोटभर उघडं ठेवा आणि कुकीज आतच गार होऊ द्या. तिथून सरळ घट्ट झाकणाच्या डब्यात. एक मोठा डबा रोज दहा वेळा उघडण्यापेक्षा तीन छोटे भरा. सादळल्याच तर पुन्हा १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं, परत कुरकुरीत होतात.

पावसाळ्यात गुळाच्या कुकीज थोड्याच करा, गूळ हवेतला ओलावा साखरेपेक्षा लवकर ओढतो. पिठीसाखरही ताजी दळलेली हवी. या हवेला ओवा-जिऱ्याची खारी बिस्किटं जास्त शोभतात: मूळ कृतीतली साखर ९० वरून २० ग्रॅमवर आणा, मीठ एक छोटा चमचा, ओवा आणि जिरं अर्धा-अर्धा चमचा, बांधायला दोन-तीन चमचे दही, आणि ४ मिलिमीटर जाड लाटून कापा. दह्याने थोडा ओलसरपणा येतो, म्हणून पाच मिनिटं जास्त भाजा.

उपवासाच्या कुकीत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. बाजारच्या बेकिंग पावडरमध्ये स्टार्च असतो, बहुतेकदा मक्याचा, आणि विकतच्या पिठीसाखरेतही अनेकदा तो मिसळलेला असतो. कडक उपवास असेल तर बेकिंग पावडर नाहीच आणि साखर घरी दळलेली. राजगिऱ्याचं पीठ १०० ग्रॅम, शिंगाड्याचं ५० ग्रॅम, भाजलेल्या दाण्यांचा कूट ५० ग्रॅम, तूप ९० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, वेलची, चिमूटभर सैंधव. फुगवायला काही नसल्याने तूप-साखर आठ-दहा मिनिटं नेटाने फेसा. कूट फार बारीक करू नका, तेल सुटलं की कुकी तेलकट होते. १५० अंशांवर १६ ते १८ मिनिटं. पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही, यात बांधून ठेवणारं काही नसतं. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला बरोबर न्यायच्या असतील तर आकार सुपारीएवढा आणि जाडसर ठेवा. पातळ, रुंद कुकीचा पिशवीत कूट होतो.

दिवाळी

एक किलो पिठाचं माप: मैदा ६५० ग्रॅम, बेसन २५० ग्रॅम, रवा १०० ग्रॅम, तूप ५५० ग्रॅम, पिठीसाखर ४५० ग्रॅम, बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे. साधारण शंभर नग होतात. घरच्या ओटीजीत एका वेळी १४-१५ बसतात, म्हणजे सात खेपा आणि अडीच तास. ऑक्टोबरची दुपार तापलेली असते, त्यात ओव्हनने स्वयंपाकघर आणखी तापतं, म्हणून निम्मा गोळा फ्रिजमध्ये ठेवा. दोन ट्रे आळीपाळीने वापरा. गरम ट्रेवर गोळे ठेवले की ओव्हनमध्ये जाण्याआधीच तळाचं तूप वितळतं आणि पहिली खेप गोल, तिसरी चपटी असा प्रकार होतो.

माथ्यावर भेगा याव्यात असं वाटत असेल तर गोळ्यावर दूध लावू नका. वरचा थर आधी सुकतो, आतला नंतर फुगतो, तेव्हाच भेग पडते. भेगा नाहीत आणि नानकटाई चपटी, तर तूप पातळ होतं. भेगा खोल आणि कडा सुटलेल्या, तर पीठ कोरडं. पिवळट ठिपके आणि साबणासारखी चव आली तर बेकिंग पावडर नीट चाळली गेली नाही.

बेकरीच्या भट्टीवर भाजून आणायचं असेल तर तूप किलोला ५०० ग्रॅमच घाला, कारण भट्टीच्या आचेवर आपला ताबा नसतो आणि मऊ गोळा तिथे लगेच पसरतो. गोळे घरून करून नेऊ नका, वाटेत चिकटतात. पीठ भिजवून गार पातेल्यात न्या आणि गोळे तिथेच करा. दिवाळीच्या आदल्या चार दिवसांत भट्टीवर रांग असते, आठवडाभर आधीच जा. नीट गार करून घट्ट डब्यात भरलेली नानकटाई पंधरा दिवस सहज टिकते. फराळाच्या डब्यात मात्र चिवड्याशेजारी ठेवू नका, दोन दिवसांत तिला लसणाचा वास लागतो.