फ्रान्सला निघालेल्या इंदूरच्या डॉक्टरांनो, आधी जन्मदाखला बघा

दसरा झाला की मला इंदूरहून फोन येऊ लागतात. फ्रान्सच्या हॉस्पिटलांत निवासी डॉक्टरांची सत्रं नोव्हेंबर आणि मेच्या सुरुवातीला बदलतात. त्यामुळे डीएफएमएस किंवा डीएफएमएसए या परदेशी डॉक्टरांसाठीच्या फ्रेंच विशेष-प्रशिक्षण पदविकांना निवडलेली आपली मुलं ऑक्टोबरअखेर निघतात. कुणी रामबागेतलं, कुणी सुदामानगरातलं, कुणाच्या मावशीने माझा नंबर दिलेला. सगळे विचारतात, थंडी किती असते आणि कुकर आणू का. थंडी सोसता येते, कुकर आणा. पण ज्याने माणूस खरंच अडकतो ते कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

जन्मदाखला. आज घरी जा, कपाट उघडा आणि तो नीट वाचा. त्यावर तुमचं नाव आहे का? आपल्याकडे नोंद बारशाच्या आधी होते, त्यामुळे जुन्या दाखल्यांवर नावाची जागा पुष्कळदा कोरीच राहिलेली असते. आई-वडिलांची नावं पासपोर्टावर आहेत तशीच आहेत का? आईचं नाव एकीकडे माहेरचं आणि दुसरीकडे सासरचं असेल तर तेही आत्ताच निस्तरा. इथे फ्रान्समध्ये सरकारी आरोग्य विम्याचा कायमचा क्रमांक जन्मदाखल्याशिवाय मिळत नाही. तो क्रमांक नाही म्हणजे कार्त विताल, म्हणजे विम्याचं कार्ड नाही, आणि ते कार्ड नाही म्हणजे डॉक्टरकडे, औषधाच्या दुकानात सगळे पैसे आधी खिशातून भरा आणि परताव्यासाठी कागद पाठवत बसा. एका मुलीच्या दाखल्यावर नावाच्या जागी नुसती रेघ होती. ती इथे ड्यूट्या करत होती आणि तिचे बाबा तिकडे नगर निगम, मग भोपाळ, मग दिल्ली अशा खेपा घालत होते. तिचा अख्खा हिवाळा त्यात गेला. नाव घालून घ्या, भोपाळला राज्य सरकारचं प्रमाणीकरण करा, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का) घ्या, आणि मगच तिकीट काढा. फ्रेंच भाषांतर मात्र तिकडे कुणाकडूनही करून आणू नका. इथल्या न्यायालयाच्या यादीवरच्या भाषांतरकाराचं हमखास चालतं, ते इथे आल्यावर करा.

फ्रान्सला पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करायचा असतो. पहिल्या आठवड्यातच करून टाका. १ आणि ११ नोव्हेंबरला सुट्टी असते, कचेऱ्या बंद. पहिला पगार बँक खातं झाल्याशिवाय येत नाही आणि खातं उघडायला घराचा पत्ता लागतो, तेव्हा दोन-तीन महिन्यांचे पैसे हाताशी ठेवा. घर न बघता कुणालाही आगाऊ पैसे पाठवू नका, मग फोटो कितीही सुंदर असोत.

आता भाषा. या पदविकांसाठी फ्रेंचची बी-२, म्हणजे मध्यमाच्या वरची पातळी लागते आणि तुम्ही ती मिळवून येता. तेवढ्यावर वॉर्ड चालत नाही. परीक्षेत बोलणारा माणूस तब्येतीने ठणठणीत असतो. इथे कवळी काढून ठेवलेले ऐंशी वर्षांचे आजोबा दुखतंय कुठे ते पुटपुटत सांगतात, आणि तुमच्या खिशातला फोन वाजून प्रयोगशाळेतलं कुणीतरी भराभर आकडे सांगतं. फ्रेंच आकडे हा आपल्यासाठी खरा धोका आहे. पंच्याहत्तर म्हणताना ते साठ-पंधरा म्हणतात, पंच्याण्णवला चार-वीस-पंधरा. 'साठ' ऐकलं की हात लगेच सहाचा आकडा लिहून मोकळा होतो. पूर्ण ऐका, मग लिहा, मग मोठ्याने वाचून दाखवा. त्याला इथे कुणी कमीपणा मानत नाही.

एककंही वेगळी आहेत. नर्स रक्तदाब '१२-८' सांगेल, तो आपला १२०/८० च. साखर ग्रॅम प्रति लिटरमध्ये येते, म्हणजे १.२६ हे आपले १२६. मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असतं, ८८ च्या आसपास म्हणजे आपला १. पहिल्या रात्री ९० चा आकडा बघून घाबरून वरिष्ठांना उठवणारे मी पाहिले आहेत. लघवी वाढवणारं लासिक्स इथे लासिलिक्स होतं, हृदयाची ॲस्पिरिन कार्देजिक नावाने मिळते. संक्षेपांची एक वही करा: आयआरएम म्हणजे एमआरआय, एनएफएस म्हणजे आपलं सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), एव्हीसी म्हणजे स्ट्रोक. असे संक्षेप केसपेपरावर ओळीओळीत असतात.

माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला हा: सकाळी सातच्या सुमाराला नर्सेसची पाळी बदलते, तेव्हा त्या एकमेकींना एकेका पेशंटची माहिती देतात. त्याला 'त्रान्समिसियाँ' म्हणतात. तुम्हाला तिथे कुणी बोलावणार नाही. परवानगी मागा आणि कोपऱ्यात उभे राहा. कोण रात्रभर झोपलं नाही, कुणाला लघवी झाली नाही, कुणाची मुलगी भेटायला येणार आहे, हे सगळं रोज त्याच त्या वाक्यांत येतं. माझं फ्रेंच तिथे सुधारलं. महागड्या क्लासने ते केलं नसतं. शिवाय नर्सेस तुम्हाला ओळखू लागतात, आणि नवख्या डॉक्टरला रात्री तीन वाजता वाचवतात त्या नर्सेसच.

इंदूरच्या एम.वाय. हॉस्पिटलची सवय मात्र तिथेच ठेवून या. 'ए सिस्टर' अशी हाक नको, आणि खोलीत नुसतं शिरायचं नाही. दार वाजवा, 'बाँझूर' म्हणा, नाव सांगा, मग चादरीला हात लावा. 'बाँझूर' लिफ्टमध्ये, बसमध्ये, पावाच्या दुकानात, फरशी पुसणाऱ्या बाईंनाही. फ्रेंच माणसं तुसडी असतात ही तक्रार मी आपल्या लोकांकडून सतत ऐकते आणि मला ती अजिबात पटत नाही. तक्रार करणारे बहुतेक सगळे काउंटरवर जाऊन थेट इंग्रजीत प्रश्न विचारतात. वर्षानुवर्षं इथे राहिलेले काही भारतीय नव्यांना 'इंग्लिश चालतं हो' असं सांगतात. त्यांचं चालत असेल, ते संगणकासमोर बसतात. तुमच्यासमोर आजारी माणूस आहे. त्यापेक्षा पाँडिचेरीच्या तमिळ कुटुंबांशी ओळख वाढवा. त्यांच्या घरात फ्रेंच पिढ्यान् पिढ्या आहे, आणि नव्या माणसाला जेवायला बोलावण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

ही पदविका म्हणजे फ्रान्समध्ये स्वतंत्र प्रॅक्टिसचा परवाना नव्हे. त्यासाठी ज्ञान-पडताळणीची वेगळी परीक्षा असते आणि पुढेही लांबचा रस्ता आहे. घरच्यांना हे निघण्याआधीच स्पष्ट सांगा, म्हणजे लग्नाच्या बोलणीत 'मुलगा फ्रान्सला सेटल' असं कुणी सांगणार नाही.

एकटं राहण्याबद्दल. हिवाळ्यात इथे संध्याकाळी सात म्हणजे इंदूरला रात्रीचे साडेअकरा. ड्यूटीवरून येऊन फोन करायचा म्हटलं तर आई जागत बसते. जेवणाच्या सुट्टीत करा, तिकडे चहाची वेळ असते. मात्र रोज तासन् तास व्हिडिओवर घर उघडून बसू नका. ज्यांनी ते केलं त्यांचं फ्रेंच तिथल्या तिथेच राहिलं आणि रविवार आणखी जड झाले. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच भाजी भरा. अनेक शहरांत वाचनालयांत फ्रेंच संभाषणाचे मोफत गट असतात, तिथे जा. गाण्याच्या किंवा बॅडमिंटनच्या मंडळात नाव घाला.

आणि किल्ली! इथली दारं नुसती ओढली तरी बंद होतात आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. कचरा टाकायला खाली गेलात तरी किल्ली खिशात हवी. जिन्यात चिकटवलेल्या पत्रकांवरच्या नंबरांवर रात्री कुलूपवाला बोलावलात तर शेकडो युरो मोजून घेतो. दुसरी किल्ली पहिल्याच महिन्यात भरवशाच्या सहकाऱ्याकडे देऊन ठेवा.

सामानात शेव, जीरावन, पोहे जरूर आणा. तूप, पेढे, मावा आणि ताजा कढीपत्ता नको. युरोपच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, ताज्या पाल्याला वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि विमानतळावर आईने बांधून दिलेला डबा टाकून द्यावा लागतो. त्या जागेत जन्मदाखल्याच्या दोन-तीन जादा प्रती ठेवा.